इटिया पेटीतच राहिला

गोंदिया,
बुधवार, ता. ११ मे २००५

श्री. लोकेश यांना,
जयभीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. ऊन फार आहे. कॉलेजला सुट्या लागल्या, पण लायब्ररीतली पुस्तकं मोजून होईपर्यंत मला जावंच लागतं. खुशबूचा शाळेचा दाखला मिळाला. तिचे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवले आहेत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन समोरच्या खोलीत आहे आणि ती सारा वेळ तिथेच असते.

तिला तो हातात धरून खेळायचा, राक्षसी प्राण्यांच्या लढाईचा गेम दिलात, तेव्हा तुम्ही विचारलं होतं की तुझं मत काय. मी "पाहते" म्हणून टाळलं होतं. आज सांगते.

पुस्तक स्वतः चाळल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये, ही माझी जुनी खोड. म्हणून ती सकाळच्या शाळेत गेली की मी तो गेम खेळत असे. हसू नका. खेळून झाल्यावर काही जपून न ठेवता बंद करायची, म्हणजे तिचं काही बिघडत नसे. तिला हे कळू दिलं नाही.

त्यातलं चांगलं असं की कुणीच सगळ्यांवर भारी नाही. पाण्याचा प्राणी आगीच्याला विझवतो, आगीचा पाल्याच्याला जाळतो आणि पाल्याचा पाण्याच्याला पिऊन टाकतो. समोर कोण आहे ते पाहून आपला गडी पुढे करायचा, बाकीचे गेममधल्या पेटीत राहतात. खुशबूला हे तोंडपाठ आहे. तिचं इंग्रजीही त्यानेच सुधारलं. तिने प्राण्यांना नावंही इकडचीच दिली आहेत. पाण्याचा जो सगळ्यांत तगडा, त्याचं नाव इटिया, इटियाडोह धरणावरून. वाईट म्हणाल तर मान सतत वाकलेली आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात. मला सलतं ते मात्र वेगळंच आहे. लढतात प्राणी. मालक मागे उभा राहून हुकूम सोडतो आणि त्याला ओरखडाही येत नाही.

इथे लिहिता लिहिता मला आपली बैठक आठवली, खुशबूने कुणाकडे राहायचं ते ठरवायची.

मध्यस्थ म्हणून बसलेले केशोरावमामा म्हणाले होते, "तुमी दोघं काऊन भांडून राहिले? पोरीलेच विचारा ना, कोणापाशी राहतेस म्हणून." आपण दोघांनीही लगेच मान डोलावली. मला तर ते फार न्यायाचं वाटलं. तेरा वर्षांच्या मुलीला आई घे नाहीतर बाप घे म्हणणं न्यायाचं कसं, हा प्रश्न त्या दिवशी मला पडलाच नाही. ती किती वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसली. मग म्हणाली, बाबांशी गेम खेळते. बाबा जिंकले तर भिलाई, मी जिंकले तर गोंदिया. सगळे हसले. तुम्ही बॅगेतून तुमचं तसंच यंत्र काढलं आणि वायरने तिच्या यंत्राला जोडलंत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मी तिच्या मागे बसले होते आणि जे मला दिसलं ते तुमच्या पडद्यावर दिसत नव्हतं.

तुम्ही नेहमी आगीचेच प्राणी घेता, हे ती जाणते. तीन निवडायचे होते. तिने पाल्याचा घेतला, किड्याचा घेतला, बर्फाचा घेतला. आगीपुढे तिन्ही टिकत नाहीत. इटिया पेटीतच राहिला. मामा खाटेवरून चेष्टा करत होते, "कोंबड्याच्या झुंजीत रगत तरी दिसते बाप्पा, हे दोघं मुंड्या घालून काय करून राहिले?" मी एक शब्द बोलले असते तर लढाई तिथेच मोडली असती. मी बोलले नाही. तुम्ही जिंकलात, तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "बेटा, कच्ची निकली."

चुकून झालं असेल, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. मग परवा भांडी आवरताना विचारलंच, इटियाला का नाही घेतलंस?

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "तुला कसं पता? तू खेळतेस?"

मी हो म्हटलं. ती पुसलेलाच भाताचा गंज पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, "मी हरले म्हणून चालले ना आई. तुला सोडून नाही चालले. बाबांना नको सांगू."

मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणजे आता तिचा विश्वास मोडून तुम्हाला लिहिते आहे. बरोबर करते आहे की नाही, मला ठाऊक नाही. हे मामांच्या कानावर घातलं तर ते पुन्हा खेळायला लावतील आणि मग ती जिंकेलही, माझ्याकडे पाहून. हा मोह मला झाला होता. कालपर्यंत होता. पण तिला तुमच्याकडे यायचं आहे, लोकेश. तसं तोंडाने म्हणायची सोय आपण तिला ठेवली नाही.

तुम्ही मामांना फोनवर म्हणालात म्हणे, पोरगी जिंकून नेतो आहे. ते तिच्यासमोर म्हणू नका. उद्या तिला तिकडे करमलं नाही, रडली, इकडे यावंसं वाटलं, तर "हरली होतीस ना" असं कधीही ऐकवू नका, थट्टेतसुद्धा नाही. तिला परत यायला कुठलीही लढाई जिंकावी लागू नये. एवढंच मागते. आणि हे तुम्हाला कळलं आहे, याचा तिला सुगावा लागू देऊ नका.

रविवारी दुपारच्या गाडीने या. इथे जेवूनच तिला घेऊन निघा. मी स्टेशनवर येणार नाही. मी तिथे दिसले तर ती गाडीत चढेल की नाही, याची मला खात्री नाही, आणि मला ती चढायला हवी आहे.

रविवारनंतरही खुशबूची आई,
अल्का