साडी नेसून झाली, सही राहिली

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

साईनाथ आला होता. न कळवता! माझा धाकटा भाऊ शीळफाट्याहून कोलशेतपर्यंत नुसता चहा प्यायला येत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसरा कप संपला तेव्हा तोंड उघडलं — ‘ताई, शेत देऊन टाकतोय. बिल्डर तयार झालाय.’

वाईट वाटलं, पण राग नाही आला. शेत राहिलंय कुठे? आजूबाजूच्यांनी ट्रकने माती आणून भराव टाकला, आमचं मधलं खड्ड्यात गेलं. पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही, भात कुजतं. आई तेवढी हटत नाही. पाणी ओसरलं की वाल टाकते आणि शेंगा फाट्यावर बसून विकते.

मग मुद्द्याचं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आमची तिघांची नावं लागली — आई, मी, साईनाथ. आता आईने आणि मी हक्कसोड द्यायचं, म्हणजे सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. आमच्यात बहीण साडी घेते आणि हक्क सोडते. साडी मला बाबांच्या वर्षश्राद्धालाच मिळाली. नेसूनही झाली! सहीचं तेवढं राहून गेलं होतं.

१० नोव्हेंबर

प्रशांत म्हणाला, ‘तुझं माहेर, तू ठरव.’ आणि पेपर उघडला. नवऱ्यांना किती सोपं असतं!

खरं लिहू? मला पैसे नकोत. पण सही केली की सरकारदरबारी मी शेतकरी उरत नाही. प्रशांतच्या घरी कुणाची शेती नाही. आणि शेतकरी असल्याशिवाय आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे कायमचं दार बंद. लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात आईच्या जोडीने लावणी केली मी, चिखल्यांनी पाय खाल्ले तरी. मला एक तुकडा हवाय. स्वतःच्या नावाचा. लिहितानासुद्धा चोरी केल्यासारखं वाटतंय.

१५ नोव्हेंबर

साईनाथबरोबर कल्याणला देवयानी मॅडमकडे. सीए आहेत, वयाने माझ्या भाचीएवढ्या. पहिलाच प्रश्न — ‘हक्कसोड झालं का?’ नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ‘बरं झालं!’

आमचं गाव महापालिकेत गेलं, म्हणून शेत विकल्यावर नफ्यावर कर बसतो. लांबच्या खेड्यातलं असतं तर बसला नसता. पण तिघांनी मिळून विकलं तर कर वाटला जातो, कमी बसतो. आणि विकण्याआधीची दोन वर्षं आपण किंवा आईवडिलांनी जमीन कसलेली असेल, आणि त्याच पैशांतून दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढ्या पैशांवर करच नाही.

‘कसतं कोण?’
‘आई.’
‘मग काय, तिघांचंही काम झालं.’

आईच्या वालाने आमचा कर वाचवला! साईनाथ इतका खूश, की जिन्यातच म्हणाला, ‘ताई, आता सही बिलकूल करायची नाय हां!’ ज्या सहीसाठी दोन कप चहा प्यायला, ती आता नको. हसावं की रडावं!

मुरबाडला जमीन बघायला जायचं ठरलं. मी पण येणार म्हटलं. ‘ये की!’

२३ नोव्हेंबर

मुरबाड. उताराची जमीन, खाली ओढा. आई गाडीतून उतरली ती सरळ आत गेली, माती चिमटीत धरून चुरली. मी मनातल्या मनात विहीर कुठे खणायची तेही ठरवलं. वेडी!

२९ नोव्हेंबर

बिनसलं.

देवयानी मॅडमनी आज स्पष्ट सांगितलं — ज्याचा हिस्सा विकला, नवी जमीन त्याच्याच नावावर हवी. आईची आईच्या, माझी माझ्या. वर तीन वर्षं विकायची नाही. साईनाथ धरून चालला होता की पैसे आम्ही त्याला परत देणार आणि मुरबाड त्याच्या एकट्याच्या नावावर होणार. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं? मी विहीर खणत बसले होते!

परत येताना शीळफाट्याच्या सिग्नलला अडकलो तेव्हा म्हणाला, ‘हक्कसोडच करू. मुरबाड माझ्या नावावर घेतो, उरलेल्या पैशांचा सगळा कर एकटा भरून टाकतो.’

‘अरे, केवढा कर जाईल!’

‘जाऊ दे. सरकारला गेलेलं गाव विसरतं, ताई. बहिणीनं जमीन नेली, हे नाय विसरत.’

म्हणजे सरकारला गेलेलं चालेल. मला नाही!

३० नोव्हेंबर

राग ओसरल्यावर लिहिते. साईनाथ वाईट नाही. बाबांना उचलून अंघोळ घालणारा तो. मी रविवारची पाहुणी — सफरचंदं घेऊन जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आईचं दुखणंखुपणंही तोच बघतो. त्याच्या दोस्ताच्या, राघोच्या, बहिणीने हिस्सा मागितला, तर राघोला गावात अजून टोमणे ऐकावे लागतात. साईनाथला त्याचीच धास्ती. सगळं कळतं मला. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

२ डिसेंबर

आईला फोन केला. ‘तू काय म्हणतेस?’

‘मी काय बोलू? साईनाथ सांगंल तसा.’

बाबा होते तेव्हा ‘तुजा बापूस सांगंल तसा’ असायचं. मग म्हणाली, ‘सोर गो बाय. जमिनीचा काय, मायेर र्‍हाला पायजे.’

भाऊबीजेला ओवाळायला जायचं आणि कोणी धड बोलायचं नाही — ते नाही सोसणार मला.

करते सही.

८ डिसेंबर

साईनाथला कळवलं. ‘थँक्यू ताई’ म्हणाला, दोनदा. पुढच्या सोमवारी नोंदणीला बोलावलंय, आईची आणि माझी सही एकदमच. जेवण गेलं नाही. प्रशांतला सांगितलं, डोकं दुखतंय.

१५ डिसेंबर, सोमवार

नोंदणी कार्यालय. आई मोठी म्हणून तिचा नंबर आधी. साहेब सगळ्यांना विचारतात तसं कागदातून मान वर न करता विचारलं, ‘आजी, स्वखुशीने हक्क सोडताय ना?’

‘नाय.’

साहेबांनी वर पाहिलं. साईनाथ पुढे झाला — ‘आई, अगं —’

तिने माझा हात धरून मला बाकावरून उठवलं.

‘हिचा पन नाय.’