टाकीचा उपास

आई,

तुझ्या चिनामीचा नमस्कार. इथे रताळी निघाली, ज्वालामुखी डोंगराची राख रोज वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, आणि मी ठणठणीत आहे.

पोरगी सांडपाण्यात काय करते, असं शेजारीण विचारते ना? तिला सांग, रताळ्यांची दारू गाळून उरलेलं चोथापाणी आम्ही हवाबंद टाकीत सोडतो. आतले जीवजंतू ते खाऊन गॅस देतात, त्यावर पुढची रताळी वाफवतो. उरलेलं पाणी अंगण धुवायला आणि गाळ शेताला.

गेल्या आठवड्यात थंडीने गॅस कमी झाला. दारू गाळणारे आमचे म्हातारे हिगाशिदा-सान हळहळले, "बिचारी उपाशी दिसते!" मला न विचारता त्यांनी टाकीला दुप्पट वाढलं. झालं! तिला अपचन झालं, आंबट वास सुटला, गॅस बंद. कारखान्याचे मालक माझ्यावरच चिडले.

मी सरळ टाकीला उपास घडवला. हिगाशिदा-सान कुरकुरले, "तुझ्या आईने तुला असंच वाढवलं का गं?"

"छे हो, आईच्या हाती असती तर टाकी फुटली असती!"

मग थोडं थोडं भरवलं. आज निळी ज्योत पेटली. त्यांनी टाकीसमोर दारूचा पेला ठेवून हात जोडले. त्यांनी तो आत ओतू नये म्हणून मी पहाऱ्याला उभी!

ऑपरेशननंतर बाबांच्या घशाखाली घास उतरत नाही, असं लिहिलंस. भरलं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसू नकोस गं. दोन चमचे पेज दे आणि थांब. त्यांनी आपणहून "आणखी वाढ" म्हटलं की लगेच फोन कर. टाकीचीसुद्धा मी एवढी वाट बघितली नव्हती.

तुझीच,
चिनामी