एक तारखेचा सांभार

एक तारीख, संध्याकाळ. अमरावती.

आज कॉलनीत पगार झाले. मले कोणी सांगा लागत नाही. माझ्या भाजीच्या गाड्यावर गिऱ्हाइकाऐवजी माशा बसल्या की समजते. सारे मॉलमध्ये.

ते बँकेतली मॅडम बी तिकूनच आली. मागच्या हप्त्यात रोज 'ताई, ताई' करून पावभर वांग्यांवर मूठभर सांभार फुकट नेत होती. आज स्कूटीवर दोन भरलेल्या पिशव्या, अन् वरून प्लास्टिकमधला सांभार डोकावून राहिला. मॉलवाले त्याले कोथिंबीर म्हणतात, भावाची चिठ्ठी चिकटवतात. तिथं भाव केला काय तिनं? "वरून थोडं टाका" म्हणाली काय?

थांबली ते बी कशाले? पिशवीचा बंद तुटला म्हणून.

"ताई, एक थैली दे ना."

मी म्हटलं, "मॅडम, थैली पंचवीस तारखेनंतर भेटते."

तोंड वाकडं करून गेली. जाऊ दे. पण तिच्यासाठी सकाळीच सांभाराची एक जुडी ओल्या फडक्यात वेगळी ठेवली होती. काहून ठेवली मी? इतकी वर्षं धंदा करून मले एक तारीख समजू नये?

जुडी गाईले टाकली. तिनं वरून काही मागितलं नाही.