सहा मॉनिटर आणि खंडेनवमी

२४ सप्टेंबर
माझ्या टायपिंग क्लासमधले सहापैकी तीन मॉनिटर काळे. ३ ऑक्टोबरला परीक्षा केंद्राची तपासणी. सहाही चालू दिसले नाहीत तर केंद्र लोणावळ्यातून तळेगावला जाणार. घाबरण्याचं कारण नाही. मी आहे.

दुरुस्तीवाला ओंकार म्हणाला, यांचे पार्ट आता येत नाहीत मॅडम, नवे घ्या. त्याला सांगितलं, आमच्या पिढीत वस्तू टाकत नसत. म्हणाला, ते दिसतंयच.

२५ सप्टेंबर
एका मॉनिटरच्या पाठीत धपाटा घातला. चालू! शिस्तीपुढे कोणी टिकत नाही.
मी वळेपर्यंत बंद.

२७ सप्टेंबर, दुपार
नवलाख उंबऱ्याला अंबाजींच्या भंगार दुकानात गेले. कंपनीतून काढलेल्या मॉनिटरचा ढीग. "घ्या बाई, लय भारी माल हाय." गॅरंटी विचारली. म्हणाले, "हितं माझीच न्हाई, त्याची कुटनं देऊ?" मी नजर रोखताच भाव उतरला. तीन घेतले. माझी सहायक तेजल म्हणते, नजरेमुळे नव्हे, त्यांना जेवायला जायचं होतं.

३० सप्टेंबर
सहाही चालू!! नव्यांवर सगळं जरा हिरवट दिसतं. डोळ्यांना चांगलं. ओंकारला मुद्दाम फोन करून कळवलं. शिकेल काहीतरी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
यंत्रांची पूजा. तेजल म्हणाली, चालू आहेत, नुसतं फूल वाहू या. सुनावलं तिला. अर्धवट पूजा अर्धवट क्लासमध्ये होते. सहांनाही हळदकुंकू, झेंडू. मग आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, मागच्या जाळीतूनही. यंत्र आत असतं, बाहेर नुसता डबा. चर्र आवाज झाला. प्रसन्न वाटलं.

संध्याकाळी जळका वास. तेजलला म्हटलं, धूप. आपण धूप लावलाच नव्हता, हे तिने बोलून दाखवायची गरज नव्हती.

२ ऑक्टोबर
पाच काळे. ओंकार म्हणाला, दसऱ्याची ऑफर आहे, नवे घेऊन येऊ? फोन ठेवला. तत्त्व म्हणजे तत्त्व. उन्हात वाळत ठेवलेत.

३ ऑक्टोबर
तपासणीचे साहेब आले. शेरा: 'पूजा उत्तम. यंत्रे बंद. केंद्र तळेगाव.' पहिलं वाक्य महत्त्वाचं.

क्लासमधल्या औंढे गावच्या मुलींना परीक्षेला तळेगावला मीच नेणार. त्यांच्यातली अमृता म्हणाली, "मॅडम, तितं तेवढं पाणी शिंपडू नका."
सगळ्या हसल्या. मीही हसायचं ठरवलं. जमलं नाही.