एका पायाचा मोजा

युसूफ वडगाव, ता. केज
दि. १८ जानेवारी, रविवार

चि. सुग्रीव यास अक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायची रीत हाय म्हणून दिला. इकडं सगळं खुशाल. संक्रांत झाली, थंडी लई हाय, तुरी काढून झाल्या. तुझी खुशाली विचारत न्हाई, कारण तुझं स्टेटस रोज दिसतं. परवा कुठंतरी खांद्यावर शाल घेऊन उभा होतास, हातात नारळ होता. चांगला दिसत होतास.

फोन केला तर उचलत न्हाईस, उचललास तर "अक्का, सेशनमध्ये हाय, संध्याकाळी करतो" म्हणतोस. तुझी संध्याकाळ अजून झाली न्हाई. म्हणून हे पत्र. उद्या केजला जाऊन स्पीड पोस्टानं टाकते, बुधवार-गुरुवारपर्यंत तुला मिळंल.

तुझा निरोप पोचला. पुढच्या रविवारी बंकट ड्रायव्हर गाडी घेऊन येणार, तुझ्या सत्यमची बॅग भरून ठेवायची, आन मंगळवारी पुण्यातल्या मोठ्या शाळेत त्याला तपासायला बसवणार. कात्री धरता येते का, रेघेच्या आत रंग भरता येतो का, हे बघून पाच वर्षांच्या पोराला आत घ्यायचं का न्हाई ते ठरणार. आन तोपर्यंत मी त्याची "फाइन मोटरची प्रॅक्टिस" घ्यायची. मला आधी वाटलं पाण्याची मोटर. आपली जळून पडलीय, म्हणलं ह्याला पुण्यात कुणी सांगितलं. मग अंगणवाडीच्या मंगलताईनं सांगितलं की मोटर म्हणजे बोटांचं काम. सरळ बोटं म्हणायला तुमच्याकडं फी लागती का, ते कळव.

तुझी पार्सलं मात्र नेमानं येतात. तुझी दीपमाला वारली, तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच तू पोराला माझ्या दारात आणून सोडलंस, "थोडे दिवस अक्का" म्हणालास. तेव्हापासून तू आलास एकदा, आन कुरिअरवाला दर महिन्याला येतो. सत्यम त्याला नावानं ओळखतो. तो बी बिचारा पोराच्या हातावर गोळी ठेवून जातो. नात्यागोत्याचा न्हाई, तरी येतो.

आन त्या पार्सलातला माल काय सांगावा. चिकटवायचे डोळे. नुसते डोळे, पिशवीभर. केसाळ गोळे. आइस्क्रीमच्या काड्या, ज्यांचं आइस्क्रीम कुणी खाल्लं ते देवाला ठाऊक. संगं छापील कागद, "घरच्या घरी, टाकाऊतून टिकाऊ". एकदा लिहिलं होतं, टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या, तिची दुर्बीण करा. मी ज्ञानोबाच्या किराणा दुकानात जाऊन विचारलं. दुकानात चार माणसं बसलेली. ज्ञानोबा म्हणला, "अक्का, ह्यो कागद कशाला लागतो?" मी सांगितलं. अजून बी मी दुकानात गेले की ती माणसं तोंड फिरवून हसतात.

एकदा तांदूळ निळा रंगवून बरणीत भरायला सांगितलास. तांदूळ. निळा. तुला आईनं ताटात शीत टाकलं म्हणून फटका दिलता, ते तू विसरला असशील. अंड्याच्या ट्रेची मगर करा म्हणून आलं तेव्हा घरात अंडं न्हाई, तुझे दाजी माळकरी. पोरानं स्टँडवरच्या ऑम्लेटच्या गाड्यावरनं ट्रे मागून आणला. मी तो दाजींच्या नजरेआड ठेवला. मगर चांगली झाली, ते वेगळं.

दाजी हिथं न्हाईत आता. दसरा झाला की टोळीसंगं कारखान्यावर ऊस तोडायला गेले, एकटे गेले. शाल पांघरणाऱ्याच्या ध्यानात नसंल म्हणून सांगते, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. माणूस एकटा गेला की मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो, तसंच त्याला हाक बी मारतात. तुझे दाजी औंदा ह्या वयात अर्धा कोयता म्हणून गेले, कारण दुसरा अर्धा हिथं तुझ्या पोराला काड्या चिकटवून देत बसला होता. कुरकुरायचा स्वभाव न्हाई त्यांचा.

आई-दादा उसाला जायचे तेव्हा तुला बी मीच सांभाळलं. सातवीतनं शाळा सुटली ती त्यापायी. तेव्हा कुणी पार्सल पाठवत नव्हतं, तरी तू बारक्या पोरांना कसं शिकवायचं ते शिकवणारा साहेब झालास.

आता एक कबूल करते, आन करताना जिवावर येतंय. तुझं एक खरं निघालं.

पोरगं आलं तेव्हा बोलत नव्हतं, हे तुला माहीत हाय. भूक लागली तरी नुसतं भाकरीच्या टोपल्याकडं बघायचं. मी सगळं करून बघितलं. मातीचे बैल करून दिले, चिंचोके दिले, भाकरी थापायला बसवलं. ते सगळं करायचं, पण तोंड उघडायचं न्हाई. गावातल्या बायका तोंडावर विचारायच्या, "मुकं हाय का गं?" देवाचं केलं, दवाखान्याचं केलं. डॉक्टर म्हणला घशात काही न्हाई, बोलंल. कधी बोलंल ते त्याला बी सांगता येईना.

दिवाळीच्या आधीच्या पार्सलात एक मोजा निघाला. करडा, टाचेला झिजलेला, तुझाच. संगं कागद, "मोज्याला बटणांचे डोळे लावा, हात आत घाला, बाहुलीला बोलू द्या." मी मनात म्हणलं, बघा, बापाला पोरासाठी पायातलंच सापडलं. फेकणारच होते. पण पोरगं माझ्या समोर बसून त्या मोज्याकडं असं बघत होतं की मी मुकाट्यानं दाजींच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणं काढली आन लावून दिली. त्यानं हात आत घातला. मोज्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आन मोजा म्हणला, "आत्या, भाकर दी."

तव्यावरची भाकर करपली. मी रडले, दारात बसून रडले, शेजारची भामाबाई पळत आली की काय झालं. मी नुसतं मोज्याकडं बोट केलं.

तर तुझी युक्ती लागू पडली. माझे बैल हरले, तुझा मोजा जिंकला. तुझ्या विद्येला मी नावं ठेवत न्हाई. पोराला काय पाहिजे ते तुला माझ्यापरीस जास्त कळतं, हेच तर माझ्या डोक्यात जातं. न कळणाऱ्या माणसाला मी सोडून दिलं असतं. तुला सगळं कळतं, आन कळून तू ते खोक्यात भरतोस, वर चिकटपट्टी मारतोस आन पाठवून देतोस.

मग आधी मोजा बोलायचा, हळूहळू मोज्यामागनं पोरगं बोलायला लागलं. आता तर झोपेत बी बडबडतं. एक दिवस विचारलं, "आत्या, ह्याच्या जोडीचा मोजा कुठं हाय?"

म्हणलं, "पप्पाकडं."

"मंग ह्यो अर्धा कोयता हाय."

मला हसू आलं. जोडीतलं एक म्हणजे अर्धा कोयता, त्याच्या कानावर तेवढंच पडलेलं. मग म्हणला, "पप्पा बी अर्धा कोयता हाय का? मम्मी न्हाई ना."

मी हो म्हणले.

"मंग त्येंचा मुकादम त्येंना सुट्टी दीत नसंल."

ऐकलंस का. तू कावून येत न्हाईस ह्याचं कारण त्यानं तुझ्यासाठी शोधून ठेवलंय. दाजींना मुकादम सुट्टी देत न्हाई, म्हणून तुला बी कुणीतरी अडवलंय, असं त्याचं गणित. मी ते खोडलं न्हाई. खोडून त्याच्या हातात काय देणार होते.

मोज्याची ही गोष्ट मीच तुला मेसेज करून कळवली, आन त्याचा हातात मोजा घातलेला फोटो बी पाठवला. मला वाटलं हे वाचून तू रात्रीच निघशील. तू अंगठा पाठवलास. मग गेल्या आठवड्यात मंगलताईनं मोबाईल आणला, म्हणली अंगणवाडीच्या बायांना बघायला सांगितलेला ऑनलाइन क्लास हाय, तुमच्या सुग्रीवचा हाय. सत्यम माझ्या मांडीवर. तुला बघून "पप्पा" म्हणला, बसलेला उभा राहिला. मंगलताईच्या हातातला मोबाईल ओढून घेतला.

तू छान बोललास. मग पडद्यावर तो फोटो आला. आन तू म्हणलास, "हे बीड जिल्ह्यातलं एक मूल. ऊसतोड कुटुंबातलं. वर्षभर बोलत नव्हतं. एका मोज्यानं ते बोलायला लागलं." तुझ्या पुढ्यात बसलेल्यांच्या टाळ्या वाजल्या.

एक मूल.

तुझं पोरगं हाय रे ते, सुग्रीव. तुझ्या तोंडातनं "माझा सत्यम" निघालं असतं तर तुझ्या भाषणाचं काय वाईट झालं असतं? का मग लोकांनी विचारलं असतं की साहेब, तुमचं पोरगं बहिणीच्या घरी वर्षभर मुकं कावून बसलं होतं? तेवढ्या एका प्रश्नाला भिऊन तू त्याला बेवारस केलंस. मला तुझी लाज वाटली. ती अजून वाटती, आन मंगलताई समोर होती म्हणून वाटती असं न्हाई.

मंगलताई मोबाईल पिशवीत टाकून गेली. सत्यमनं विचारलं, "आत्या, एक मूल म्हणजे कोण?" मी म्हणलं, तुझ्यासारखंच हाय दुसरं कुणीतरी. त्याला ते पटलं न्हाई. फोटोतला सदरा त्याच्या अंगात होता.

आता ऐक. बंकट ड्रायव्हर आला तर त्याला मी चहा पाजीन, जेवू घालीन आन मोकळी गाडी परत पाठवीन. पोरगं त्याच्या हातात देणार न्हाई. पोराला मी कुरिअरनं पाठवत नसते.

हे लिहिताना माझं किती नुकसान होतंय ते बी सांगते, म्हणजे अक्का पोराला धरून बसलीय असं तुला म्हणता येणार न्हाई. हनुमान मुकादमाचा फोन आलता. दाजी गाडी भरताना मोळी घेऊन शिडीवरनं घसरले. हाड शाबूत हाय, पण वाकता येत न्हाई. दाजींनी मला कळू दिलं न्हाई, हनुमाननं चोरून कळवलं. म्हणला, "वहिनी, हरिबा फडात गुडघ्यावर बसून तोडतोय, आमाला बघवत न्हाई. तुमी या." मधीच टोळी सोडून येता येत न्हाई, हे तुला सांगायला नको. म्हणून मी जाते. त्या रविवारनंतरच्या बुधवारी गावातनं टेम्पो तिकडं निघणार हाय, त्यात जाते. हे एवढा वेळ लिहिलं न्हाई, कारण तू म्हणला असतास, बघा, अक्कालाच पोर जड झालं.

मला सोपं होतं. बंकटच्या गाडीत पोरगं बसवायचं, बॅग द्यायची, आन निघायचं. तुला बी तेच पाहिजे होतं, मला बी सोयीचं होतं. पोराला तेवढं कुणी विचारलं नसतं.

तू स्वतः ये. रविवारी, सोमवारी, मंगळवारी, कधीबी ये. तुझी शाळा एक दिवस थांबंल, न थांबली तर दुसरी शाळा बघ. त्याला कात्री धरता येते, रेघेच्या आत रंग बी भरतो, त्याची काळजी करू नको. घरात यायच्या आधी त्याला घेऊन अंगणवाडीत जा. मंगलताईसमोर, त्या बारक्या पोरांसमोर, त्याचा हात धरून सांग की हे माझं पोरगं हाय, ह्याचं नाव सत्यम. मोठ्यानं सांग, त्याला ऐकू गेलं पाहिजे. माईक मिळणार न्हाई. मग खुशाल घेऊन जा, मी अडवणार न्हाई, वेशीपर्यंत सोडायला बी येईन.

न्हाई आलास तर बुधवारी तो माझ्यासंगं टेम्पोत बसंल. कोपीच्या खोपटात झोपंल, पहाटं पाचटावर बसून राहील, मी ऊस तोडत असंल तवा. तिथं अंगणवाडी न्हाई, कुरिअर न्हाई. तू सभेत ऊसतोडीचं जे सांगितलंस ते तेवढ्यानं खरं होईल. तसा फोटो पाहिजे असंल तर मी पाठवणार न्हाई, तू तिथं येऊन काढ.

कपडे धुऊन ठेवलेत. स्वेटर नवा घेतला. बॅग भरली न्हाई. काल भरायला घेतली होती, पण तो म्हणला, "आत्या, कुठं जायचं?" आन मला सांगता येईना, म्हणून परत खुंटीला लावली.

तू यावंस असं मला वाटतं. तू येऊ नयेस असं बी वाटतं, आन खरं सांगते, ते जास्त वाटतं. त्याच्याबिगर घरात कसं राहायचं ते मला कळत न्हाई. म्हणून उशीर करू नको.

सत्यमची आत्या