पडेल ते काम

ग्वेल्फ, कॅनडा, बुधवार, १२ नोव्हेंबर १९७५

अण्णाचं पत्र इमिग्रेशनवाल्यांनी आज परत दिलं. म्हणजे त्याला इथे नोकरी देतो असं लिहिलेलं, जॅकच्या सहीचं. जॅक चीज फॅक्टरीचा मालक, मी त्याच्या लॅबमध्ये. "भावासाठी ना? तूच लिही, मी सही करतो," म्हणाला होता. न वाचताच केली सही.

मी लिहिलं होतं, माणूस प्रामाणिक आहे आणि पडेल ते काम करायला तयार आहे. आपल्याकडे याहून मोठी शिफारस कुठली? काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "पडेल ते काम करणारे इथेच बेकार बसलेत. इथे कुणाला येत नाही असं त्याला काय येतं, ते लिहून आणा."

संध्याकाळी जॅकनं टाइपरायटर पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "एक गोष्ट सांग, एकच. काय येतं त्याला?"

मी कागद चढवला आणि आठवू लागले. काय सांगू? बाबा गेल्यावर अण्णा आधी कंपाउंडर, मग छापखान्यात, मग एका लॉजच्या गल्ल्यावर. कशातच मुरला नाही. मुरायला वेळ कुणी दिला त्याला? खोटं लिहू का, चीज बनवण्यात तरबेज म्हणून? जन्मात चीज पाहिलेलं नाही त्यानं.

कागद कोराच घरी आणलाय. माझ्या वेळी सगळं सोपं गेलं. एम.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी, एवढंच पुरलं. अण्णानं पडेल ते काम केलं, म्हणून मला एकच काम नीट शिकता आलं.