वापरलेली हवा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कॉम्प्रेसरची खोली माझी! पत्र्याची का होईना, पण दोन खिडक्या, एक टेबल आणि बसायला खुर्ची. आधीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं स्टुलावर बसून डबा खाल्ला, तेव्हा टेबलाचं अप्रूप मला विचारा.

नोकरी धाकट्याने लावून दिली. माझा भाऊ बंदरावरच्या या यार्डात पाणबुड्या आहे. जहाजांचे तळ खरवडायचे, बुडालेल्या साखळ्या शोधायच्या, धक्क्याचे खांब खालून तपासायचे, असली कामं. दुसरा पाणबुड्या म्हणजे मिशी. खरं नाव कुणालाच आठवत नाही, त्यालाही आठवत असेल की नाही शंका आहे. स्टोअर सांभाळतात त्या मावशी. मी आल्या आल्या त्यांनी मला हातमोजे दिले आणि म्हणाल्या, बाई मेकॅनिक आली, आता निदान फडकी तरी जागेवर राहतील.

यंत्र वापरलेलं आहे, पण रुबाबदार. चार टप्प्यांत हवा दाबत नेतं आणि मोठ्या सिलिंडरांच्या रांगेत भरतं. तिथून लांब नळीने ती खाली उतरलेल्या माणसाच्या मुखवट्यात जाते. मालक म्हणाले, एका अग्निशमन केंद्राने विकायला काढलं होतं, अगदी जपून वापरलेलं. वरचा हिरवा रंग अजून हाताला चिकटतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जपून वापरलेलं म्हणे!

फिल्टरची कांडी बाहेर काढली आणि माझं डोकंच फिरलं. आतला कोळसा भिजून चिखल झालेला. तेल डांबरासारखं. आणि हवा आत ओढणारा पाइप कुठे, तर जनरेटरच्या धुराड्यापासून दोन हातांवर. खाली उतरलेल्या माणसाला धूर पाजायचा बेत होता काय? तशीच तेलकट हातांनी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि कांडी त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी कागद बाजूला सरकवले आणि हसले. म्हणाले, ताई, आधीच्या माणसाची कधी तक्रार नव्हती.

पाइप छतावर नेला. तेल बदललं, कांडी नवी घातली, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला. दर पंधरा मिनिटांनी ड्रेन उघडून साचलेलं पाणी सोडलं. मग तपासणीच्या काचेच्या नळ्या लावून हवेची चाचणी घेतली. धूर नाही, तेल नाही. शेवटी मुखवटा स्वतःच्या तोंडाला लावून चार-पाच श्वास घेतले. थंड, कोरडी, बिनवासाची हवा. अशी हवा मी धाकट्याला बिनधास्त देईन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या हवेवर आज पहिल्यांदा मिशी उतरला. वीस मिनिटं सगळं सुरळीत. मग वर आला, मुखवटा काढला आणि सरळ माझ्या अंगावर धावून आला. व्हॉल्व्ह कोणी बंद केला, असं ओरडत होता. बंद कुठला? मी पूर्ण वेळ तिथेच उभी होते, दाबाचा काटा जरासुद्धा हलला नव्हता. धाकट्याने त्याला मागे ओढलं.

पाच मिनिटांनी मिशी चहा पीत बसला होता. आपण काय बोललो ते त्याला आठवतच नव्हतं. एरवी हा माणूस माशी मारतानाही तिची माफी मागेल.

चाचणी पुन्हा घेतली. हवा स्वच्छ.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज धाकटा. तेच वाक्य. तोच आवाज, घोगरा, कुणीतरी गळा आवळल्यासारखा. हा काही माझ्या भावाचा आवाज नाही. मी त्याला लहानाचा मोठा केलाय, त्याचा रडण्याचा आवाजही मला ठाऊक आहे. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. नंतर ते वळ बघून तोच रडायला लागला.

मालकांना सांगितलं, काम थांबवा. मी बघत होते, धाकटा काय ओरडला हे सांगताच त्यांच्या हातातलं पेन थांबलं. मग म्हणाले, पाण्याखाली भास होतात, तुला काय कळतंय त्यातलं. काम परवा संपलंच पाहिजे.

संताप संताप होतोय. जेवणही गेलं नाही.

ड्रेनमधून आलेलं पाणी बोटाने चाखलं. खारट. छतावरच्या हवेतून निघालेलं पाणी खारट कसं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेन स्विच काढून यंत्र उघडायला घेतलं. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली खरडून काढलेली पाटी. एक आकडा उरलाय. तो मावशींना दाखवला. त्यांनी तो लगेच ओळखला आणि सगळं सांगून टाकलं.

अग्निशमन केंद्र वगैरे सगळं थाप. यंत्र मालकांच्याच जुन्या यार्डातलं आहे. तिथे एक पाणबुड्या होता. फिल्टर बदला, नाहीतर उतरणार नाही, म्हणून अडून बसला. मालकांनी गोड बोलून उतरवलं. तो खाली असताना हवेचा व्हॉल्व्ह बंद केला. पाच मिनिटं. धडा शिकवायला. नंतर कागदावर लिहिलं, नळी अडकून मेला. मावशींनी तो कागद टाइप केला होता. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, माझ्या पदरात दोन पोरी होत्या गं.

बाहेर आलो आणि भिंतीवर लाथ

आले. बाहेर आले. असं कसं लिहिलं मी?

स्विच काढलेला आहे. तरी काटा चढतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्याला उतरू देणार नाही, मिशीलाही नाही. दोघांना घरी जायला सांगितलं. मिशी गेला. धाकटा जात नाही. म्हणतो, ताई, तूच आधी घरी चल, तुझे डोळे बघ. आरसा बघितला. डोळे लाल. रात्रभर झोपलो नव्हतो.

नव्हते. नव्हते. नव्हते.

पहिल्या चाचणीला मी चार-पाचच श्वास घेतले होते. फक्त चार-पाच —

काम देणाऱ्या कंपनीचा तपासनीस आलाय. हवेबद्दल काहीतरी ऐकलंय म्हणाला. मालक त्याच्यासमोर छाती पुढे काढून म्हणाले, मी जुना पाणबुड्या आहे, माझ्या हवेवर मी स्वतः उतरतो, बघा. सूट चढवला. मला म्हणाले, ताई, व्हॉल्व्ह तुझ्याकडे.

मला त्यांना सांगायचं होतं, उतरू नका. तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना. राग इतका की दात एकमेकांवर घट्ट बसले. कुणाचा राग?

बुधवार, ११.२०

मालक खाली गेले. तपासनीस धक्क्यावर. खोलीत मी एकटी. डाव्या हाताने लिहितेय. उजवा हात व्हॉल्व्हवर आहे. काढता येत नाही. लिहीत राहिले तर मी मीच राहीन —

११.२६

मुखवट्यातल्या माइकमधून इथल्या स्पीकरवर त्यांचा आवाज. म्हणतात, इथे कुणीतरी आहे. माझी नळी धरलीय.

धाकटा दार ठोकतोय. ताई ताई म्हणतोय. दार मी कधी लावलं?

११.२८

मालक रडतायत. तुला मारायचं नव्हतं रे, फक्त घाबरवायचं होतं. मला उद्देशून बोलतायत. मला रे म्हणतायत.

व्हॉल्व्ह अर्धा फिरलाय.

नको. हा माणूस नीच आहे, पण नको. त्याला वर काढा, सगळ्यांसमोर उभा करा, मावशी बोलतील, मी सांगेन — मी, धाकट्याची ताई —

११.२९

हात थांबत नाही

धाकट्या, दार तोड. लवकर. मी अजून इथे आहे, थोडी —

११.३०

माफ केलंही असतं. पाच मिनिटांतल्या पहिल्या मिनिटाला केलं असतं. दुसऱ्यालाही. मी खाली होतो, नळी ओढत होतो, वर त्याचे बूट दिसत होते, आणि तो हलला नाही, नुसता उभा राहून घड्याळ बघत